अकरा महिन्यांनी पुन्हा दलाली कशाची?

मे महिन्याच्या मध्यावर एजंटचा मेसेज आला. "मॅडम, तुमचं ॲग्रीमेंट ३१ तारखेला संपतंय. कंटिन्यू करणार ना? ओनरनी दहा टक्के वाढ सांगितली आहे. रिन्युअलचं ब्रोकरेज हाफ मंथ. ॲग्रीमेंट आणि पोलीस व्हेरिफिकेशनचे वेगळे. दोन दिवसांत कन्फर्म करा, दुसरी पार्टी तयार आहे."

पुण्यात भाड्याने राहणाऱ्या कुणालाही हा मेसेज नवा नाही. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, हाफ मंथच्या जागी कधी फुल मंथ असतो, बाकी सगळं तेच. आमचं भाडं वीस हजार होतं, ते बावीस होणार होतं. म्हणजे एजंटचे अकरा हजार. मुलगी तिसरीत जाणार होती, शाळा जूनच्या मध्यावर सुरू होणार होती, व्हॅनवाल्या काकांना वर्षाचा ॲडव्हान्स दिलेला होता. आधीच्या दोन वर्षी मी हे पैसे मुकाट भरले होते. तिसऱ्या वर्षी मात्र प्रश्न पडला, आणि तो अजून डोक्यातून गेलेला नाही: हे अकरा हजार नेमके कशाचे?

पहिल्या वर्षीचे कशाचे ते मला ठाऊक होतं. एप्रिलच्या उन्हात त्या माणसाने आम्हाला सात फ्लॅट दाखवले. एका ठिकाणी चावी मिळेना म्हणून तो दुचाकीवरून दोन फेऱ्या मारून आला. सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटून एनओसी आणली. आम्ही एका महिन्याचं भाडं दलाली म्हणून दिलं, ते खुशीने दिलं, आणि आजही मला त्याचं वाईट वाटत नाही. नव्या शहरात घर शोधून देणं हे काम आहे, त्याला मोल आहे. पण नंतरच्या वर्षी? घर तेच, माणसं तीच, मालक तेच. एजंटने एक मेसेज पाठवला आणि अंगठ्याचं मशीन घेऊन एक मुलगा घरी पाठवला. त्या मुलाचे पैसे तर आम्ही वेगळे दिले होते.

मालक सांगलीला राहतात. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. भाडं दर महिन्याला थेट त्यांच्या खात्यात जायचं, पण फोन कधी केला नव्हता. सुरुवातीलाच एजंटने बजावलं होतं, "ओनरला डायरेक्ट कॉल करू नका, त्यांना चालत नाही, जे असेल ते माझ्याशी बोला." तिसऱ्या वर्षी मी फोन केला.

"अहो ताई," काका म्हणाले, "तुम्ही घर सोडताय असं कळलं मला."

मी म्हटलं, "नाही हो काका. आम्हाला तर राहायचंच आहे. तुम्ही दहा टक्के वाढ मागितली आहे म्हणून विचार करतोय."

"मी कुठं मागितली? त्यांनीच सांगितलं, मार्केट वाढलंय, नवी पार्टी तेवीस देईल म्हणून. मी म्हटलं, बघा बाबा तुम्ही. आणि दर वर्षी मीही त्यांना अर्धं भाडं देतोय की कागद करायचं."

दोघंही देत होतो. दोघांनाही वाटत होतं की समोरच्याला आपल्याशी बोलायचं नाही.

हे एका माणसाची तक्रार म्हणून मी सांगत नाही. तो माणूस वाईट होता असं मला आजही म्हणायचं नाही. ही व्यवस्थाच अशी रचली गेली आहे की मालक आणि भाडेकरू यांच्यात जितकं कमी बोलणं होईल, तितकं मधल्या माणसाचं उत्पन्न वाढतं. नूतनीकरणाची दलाली त्या न झालेल्या बोलण्यातून निघते. ती बंद झाली पाहिजे, नुसती कमी होऊन चालणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याची कारणं सांगण्यासाठी आधी त्या अकरा महिन्यांकडे यावं लागेल.

घर भाड्याने देताना करार अकरा महिन्यांचाच का? दहापैकी नऊ जण सांगतात, "कायदाच तसा आहे." कायदा तसा नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम १७ नुसार एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. ती टाळायची म्हणून देशभर अकरा महिन्यांची पळवाट रूढ झाली. पण महाराष्ट्रात ही पळवाट २००० सालीच बंद झाली. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा (म्हणजे भाडेहक्क न देता ठरावीक मुदतीपुरतं राहायची नुसती परवानगी देणारा) कोणताही करार लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो, मग तो अकरा महिन्यांचा असो की एका महिन्याचा. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्हीची तरतूद आहे. शिवाय वाद झाला तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जातं.

म्हणजे ज्या कारणासाठी अकरा महिने ठरले, ते कारण आपल्या राज्यात पंचवीस वर्षांपूर्वीच संपलं आहे. मुद्रांक कायद्यात तर साठ महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्सची सोय सरळ लिहिलेली आहे. एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज, यांच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क. शहरात नोंदणी शुल्क १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००.

आमच्याच घराचं गणित मांडते. बावीस हजार भाडं आणि साठ हजार डिपॉझिट धरलं तर अकरा महिन्यांच्या करारावर मुद्रांक शुल्क सहा-सातशे रुपये होतं. त्यात नोंदणीचे हजार. तोच करार छत्तीस महिन्यांचा केला तर मुद्रांक शुल्क दोन हजारांच्या आसपास जातं, नोंदणी मात्र एकदाच. म्हणजे तीन वर्षांत दर अकरा महिन्यांनी कागद करण्यापेक्षा एकदाच छत्तीस महिन्यांचा कागद स्वस्त पडतो, आणि दोनदा सुट्टी काढून अंगठे द्यायचा त्रास वाचतो. अकरा महिन्यांच्या कागदातही सरकारला जे द्यायचं ते दीड-दोन हजारांत भागतं. एजंटचे अकरा हजार आणि काकांचे अकरा हजार त्यावर.

मग लांब मुदतीचा करार कुणीच का करत नाही? मालकांच्या मनात एक जुनी भीती आहे, आणि तिला इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठवली आणि भाडेकरूंना संरक्षण दिलं. त्या कायद्यातून सुटका म्हणून मालकांनी भाड्याऐवजी 'लायसन्स'वर घरं द्यायला सुरुवात केली. मग १९७३ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लायसन्सवर राहत होते ते एका रात्रीत संरक्षित भाडेकरू ठरले. त्या पिढीतल्या मालकांनी आपली घरं डोळ्यांदेखत हातची गेलेली पाहिली. "भाडेकरूला फार दिवस ठेवू नये" हे वाक्य तिथून आलं आणि मुलांना, नातवंडांना वारशात मिळालं. माझ्या आजोळी सदाशिव पेठेतल्या वाड्यातही हेच बोललं जायचं, म्हणून ती भीती मी खोटी मानत नाही.

पण १९९९ च्या कायद्याने तिचाही बंदोबस्त केलेला आहे. कलम २४ नुसार लायसन्सची मुदत संपल्यावर लायसन्सी, म्हणजे अशा करारावर राहणारा माणूस, निघाला नाही, तर मालकाला नेहमीच्या दिवाणी कोर्टाच्या फेऱ्यांत न अडकता सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. लेखी करार हाच त्यातल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा धरला जातो. मुदतीनंतर राहणाऱ्याला दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. हे संरक्षण अकरा महिन्यांच्या कागदाला जितकं आहे तितकंच छत्तीस महिन्यांच्या कागदाला आहे. मध्येच घर रिकामं हवं असेल तर एक महिन्याच्या नोटिशीचं कलम दोन्हींत घालता येतं. तेव्हा मालकाला अकरा महिन्यांतून जास्तीची सुरक्षितता काहीच मिळत नाही. भाडेकरूला तर नाहीच नाही. ज्याला मिळतं तो तिसरा माणूस आहे, आणि करार किती महिन्यांचा करायचा हे बहुतेक वेळा तोच ठरवतो, कारण कागद तोच टाइप करून आणतो.

हे पैसे कुणाला काय करायला भाग पाडतात, तेही पाहा. दलाली भाड्याच्या पटीत असते, म्हणजे भाडं वाढलं की ती वाढते. म्हणून "मार्केट वाढलंय" हे मालकाच्या कानावर घालण्यात एजंटचा फायदा. जुना भाडेकरू राहिला तर अर्धा महिना, नवा आला तर दोन्हीकडून पूर्ण महिना. म्हणून "तुम्ही सोडताय असं कळलं" हे वाक्य जन्माला येतं. ज्या कुटुंबाने तीन वर्षं वेळेवर भाडं दिलं, भिंतीला खिळा मारताना विचारलं, गळती लागली तेव्हा स्वतः प्लंबर बोलावला, असं कुटुंब मालकासाठी सोन्यासारखं असतं. घर दोन महिने रिकामं राहिलं तर त्याचं चव्वेचाळीस हजारांचं नुकसान होतं. पण ज्याच्या सल्ल्याने तो निर्णय घेतो, त्याला स्थिर भाडेकरूपेक्षा हलता भाडेकरू परवडतो. माणूस कितीही सज्जन असला तरी वर्षानुवर्षं अशा हिशेबात राहिला की त्याचा सल्ला कुणीकडे झुकणार हे उघड आहे.

लोक विचारतात, पटत नाही तर देऊ नका, बळजबरी थोडीच आहे? मीही स्वतःला हेच विचारलं होतं. उत्तर मेसेजच्या तारखेत आहे. करार संपायला पंधरा दिवस उरले असताना तो येतो. पंधरा दिवसांत नवं घर पाहायचं, नवी दलाली द्यायची, नवं डिपॉझिट भरायचं, तेही जुनं हातात यायच्या आधी. टेम्पो, पॅकर्स, गॅसचा पत्ता, इंटरनेट, शाळेची व्हॅन. सोसायटीने लिफ्ट वापरायचे पैसे लावले तर तेही. हे सगळं मिळून पन्नास-साठ हजारांच्या घरात जातं. त्यासमोर अकरा हजार कमी वाटतात आणि माणूस भरतो. नूतनीकरणाच्या दलालीचा आकडा केलेल्या कामावरून ठरतच नाही; घर बदलायला किती खर्च येईल त्यावरून ठरतो, त्याच्या खाली. ज्याच्या घरी लहान मूल आहे, अंथरुणावरचे आईवडील आहेत, जो अविवाहित आहे आणि ज्याला सोसायट्या दारातून परत पाठवतात, मुसलमान किंवा दलित असल्यामुळे ज्याला आडनाव सांगितल्यावर घर "नुकतंच गेलं" असं ऐकावं लागतं, त्याला घर बदलणं सगळ्यात महाग. त्यामुळे त्याच्याकडून ही दलाली सगळ्यात सहज निघते. मला यातलं हे सर्वांत जास्त बोचतं.

आपल्या १८७२ च्या करार कायद्यात, कलम २५ मध्ये, मोबदल्याशिवाय केलेला करार काही अपवाद सोडता रद्दबातल असतो असं सांगितलेलं आहे. एकाने पैसे द्यायचे तर दुसऱ्याने काहीतरी द्यायला हवं, एवढं साधं तत्त्व आहे ते. मेसेज पाठवणं हा मोबदला म्हणायचा का? आणि तो एजंट कुणाचा? माझा म्हणावा तर तो माझ्या वतीने भाडं कमी करायला कधीच बोलला नाही. काकांचा म्हणावा तर मी त्याला पैसे का देते? दोन्ही बाजूंनी फी घेणारा आणि कुणाही एकाला बांधील नसलेला असा हा माणूस आहे, आणि त्याने काय करावं, काय घ्यावं याबद्दल भाड्याच्या एजंटसाठी एका ओळीचाही खास नियम नाही.

इथे बऱ्याच जणांची समजूत असते की रेरा, म्हणजे बिल्डर आणि एजंटांवर नियम घालणारा कायदा, आहे ना. २०१६ च्या रेरा कायद्यात एजंटची व्याख्या घर विकण्या-विकत घेण्याच्या व्यवहारापुरती आहे. त्या कायद्याखालच्या राज्यातल्या प्राधिकरणाने, महारेराने, एजंटांना नोंदणी, प्रशिक्षण, परीक्षा हे सगळं सक्तीचं केलं ते त्याच कक्षेत. भाड्याचा एजंट त्या कक्षेबाहेर राहतो. केंद्राने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर करून राज्यांकडे पाठवला. त्यात घरासाठीचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतं मर्यादित केलं आहे, भाडे प्राधिकरण सुचवलं आहे. चांगलं आहे ते. पण तो नमुना आहे, राज्याने कायदा केल्याशिवाय त्याला बळ नाही, आणि दलालीची मर्यादा त्यातही नाही. कोटभर रुपयांच्या फ्लॅटची खरेदी आयुष्यात एकदा होते, तिथे नियम आहे. भाड्याचा करार दर अकरा महिन्यांनी होतो, लाखो घरांत होतो, आणि तिथे पावतीसुद्धा मिळत नाही. मी पावती मागितली तेव्हा उत्तर आलं, "जीएसटी लावून देतो मग, अठरा टक्के वर."

एजंटांच्या बाजूनेही बोललं पाहिजे, कारण त्यातलं बरंच खरं आहे. पुण्याच्या हद्दीवरच्या गावांतली कितीतरी मुलं या धंद्यात आहेत. शेती बिल्डरकडे गेली, हातात दुसरं काही राहिलं नाही, आणि वाकड-बाणेर-खराडीच्या टॉवरमधली घरं दाखवणं हा रोजगार झाला. दहा जणांना घर दाखवावं तेव्हा एक व्यवहार होतो, नऊ वेळचं पेट्रोल अंगावर पडतं. काही जण खरोखर घर सांभाळतात. मालक सॅन होजेला किंवा दुबईला असतो, चावी, मेंटेनन्स, सोसायटीची मीटिंग, घरपट्टी सगळं एजंट पाहतो, त्याच्याकडे कुलमुखत्यारपत्र असतं. हे काम आहे, आणि त्याचा मासिक मेहनताना ठरवून घ्यावा. पण ते काम मालकाचं आहे. कॅलिफोर्नियातल्या इंजिनिअरच्या फ्लॅटची देखभाल हडपसरला कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करणाऱ्या मुलीने दर वर्षी अर्ध्या भाड्यातून का करावी?

ज्याने काम सांगितलं त्याने पैसे द्यावे, ही काही माझी नवी कल्पना नाही. जर्मनीत १ जून २०१५ पासून भाड्याच्या घरांसाठी नेमका हाच कायदा आहे: एजंटला ज्याने नेमलं, तोच त्याची फी देईल. न्यूयॉर्क शहरात ११ जून २०२५ पासून मालकाने नेमलेल्या ब्रोकरचे पैसे भाडेकरूकडून घेता येत नाहीत. इंग्लंडमध्ये १ जून २०१९ ला 'टेनंट फीज ॲक्ट' लागू झाला आणि भाडेकरूकडून घेतल्या जाणाऱ्या बहुतेक सगळ्या फिया बेकायदा ठरल्या, नूतनीकरणाची फीसुद्धा. पहिल्या उल्लंघनाला पाच हजार पौंडांपर्यंत दंड. माझी भाची तेव्हा लंडनला शिकत होती. २०१८ साली तिने त्याच खोलीत आणखी एक वर्ष राहण्यासाठी एजन्सीला पैसे भरले होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये नवा करार केला तेव्हा एक पौंडही लागला नाही, आणि एजन्सीही बंद पडली नाही.

त्याआधी तिथे आणखी एक गोष्ट घडली होती आणि ती आपल्या मालकांनी ऐकण्यासारखी आहे. २००९ साली तिथल्या हायकोर्टासमोर 'ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग' या सरकारी संस्थेने फॉक्सटन्स या मोठ्या एजन्सीविरुद्ध नेलेला खटला आला. प्रश्न भाडेकरूंचा नव्हता, मालकांचा होता. एजन्सीने एकदा भाडेकरू आणून दिला की तो जितकी वर्षं राहील तितकी वर्षं मालकाने कमिशन देत राहायचं, अशी कलमं करारात होती, आणि ती ठळकपणे समोर आणलेली नव्हती. कोर्टाने ती अन्याय्य ठरवली. काकांच्या अर्ध्या महिन्याचीच ती गोष्ट आहे, फक्त तिथे ती कागदावर होती म्हणून कोर्टात जाता आलं. इथे सगळं तोंडी आहे.

एक आक्षेप गंभीर आहे. भाडेकरूकडून फी घेणं बंद केलं तर मालक ती भाड्यात चढवेल, मग भाडेकरूचा फायदा काय? पहिल्या वर्षीच्या दलालीबाबत काही प्रमाणात तसं होईल, हे मी मान्य करते. पण तिथेही फरक पडतो. मालकाला एजंट निवडता येतो, दोघांचे दर विचारून स्वस्त आणि चांगला घेता येतो. भाडेकरूला निवडता येत नाही, एजंट घराबरोबरच येतो. ज्याला निवड आहे त्याच्या खिशातून पैसे जाऊ लागले की दर आपोआप खाली येतात. आणि नूतनीकरणाबाबत तर हा आक्षेप टिकतच नाही. मालकाला जेव्हा स्वतःच्या खिशातून पूर्ण रक्कम द्यावी लागेल, तेव्हा तो पहिला प्रश्न हाच विचारेल की भाडेकरू घरातच आहे, फोन माझ्याकडे आहे, मग तुम्हाला कशाचे द्यायचे?

सरकारने अशा खासगी व्यवहारात पडावं का, असंही विचारलं जातं. सरकार याच व्यवहारात आधीच पडलेलं आहे. फ्लॅट भाड्याने दिला म्हणून सोसायट्या मालकांकडून मनाला येईल तेवढे बिनभोगवटा शुल्क घ्यायच्या. १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाने शासनाने त्यावर सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांची मर्यादा घातली. सोसायट्या कोर्टात गेल्या, मर्यादा टिकली. आज कोणत्याही सोसायटीच्या बिलात ती दिसते. भाड्याच्या घराभोवतीच्या एका अवाजवी शुल्काला जर एका आदेशाने लगाम बसतो, तर दुसऱ्याला का बसू नये?

मला हवा असलेला नियम मोठा नाही. एजंटला ज्याने नेमलं त्याने त्याची फी द्यावी, भाडेकरूने स्वतः घर शोधायला एजंट नेमला तर भाडेकरूने. त्याच घरात तोच भाडेकरू राहत असेल तर नूतनीकरणावर दलाली नाही, ना इकडून ना तिकडून. घर सांभाळण्याचं काम वेगळं, ते मालकाशी लेखी ठरलेलं. भाड्याचे व्यवहार करणाऱ्या एजंटची नोंदणी आणि प्रत्येक रकमेची पावती. याची अंमलबजावणी करायला नवं खातं लागत नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाची लिव्ह अँड लायसन्सची ई-नोंदणी घरबसल्या होते. आधार, अंगठा, फोटो, झालं. त्या फॉर्ममध्ये एक रकाना वाढवावा: या व्यवहारात दलाली कुणी, कुणाला, किती दिली. आणि जुन्या कराराचा क्रमांक टाकला की नावं, पत्ते, सगळा मजकूर आपोआप यावा, फक्त मुदत आणि भाडं बदलून दोघांनी संमती द्यावी, अशी नूतनीकरणाची सोय करावी. भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं आजही ऑनलाइन होतं आणि त्याला फी नाही. "व्हेरिफिकेशनचे" म्हणून जे हजार-पाचशे जातात ते फॉर्म भरून देणाऱ्याचे असतात, हे फॉर्मच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहावं.

कायदा होईल तेव्हा होईल. तोपर्यंत मालकाला एक फोन करता येतो. काकांनी आणि आम्ही मग छत्तीस महिन्यांचा करार केला. वाढ दर वर्षी पाच टक्के, दोन्हीकडून एक महिन्याची नोटीस, रंगकामाचे कोण देणार तेही लिहिलं. काका अंगठा द्यायला सांगलीहून स्वतः आले, काकूंनी केलेली चटणी घेऊन. नोंदणी करून देणाऱ्या मुलाला त्याचे ठरलेले पैसे दिले, मुद्रांक आणि नोंदणीचे निम्मे निम्मे. जुन्या एजंटला काकांनी फोन करून सांगितलं, तो चिडला, मग म्हणाला, "पुढच्या वेळी भाडेकरू पाहिजे असेल तर सांगा." काका म्हणाले, "सांगेन की. त्याचे पैसेही देईन."

त्या करारात काकांच्या सूचनेवरून एक कलम घातलं. वकिलाने नव्हे, आम्ही दोघांनी जेवणाच्या टेबलावर बसून लिहिलेलं. कुणाला उपयोगी पडलं तर जसंच्या तसं घ्यावं: "या कराराचे नूतनीकरण मालक व लायसन्सी परस्पर चर्चेने, मुदत संपण्यापूर्वी किमान साठ दिवस आधी ठरवतील, आणि अशा नूतनीकरणासाठी कोणत्याही तिसऱ्या व्यक्तीस दोहोंपैकी कोणाकडूनही दलाली देय असणार नाही."